नागूशेठच्या गिरणीतली लढाई

हेमचंद्र चौबळांनी आयुष्यात एक माणूस मारला, असं कर्जतच्या बाजारात अजूनही कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मेथीची जुडी निवडता निवडता माणूस सहज बोलून जातो. पण चौबळ तालुका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, शब्दाला शब्द लावून बघणारे. 'मारला' हा शब्द कानावर आला की ते मेथी न घेताच घरी येतात. मग सरोजिनीबाई विचारतात, "मेथी?" आणि चौबळ म्हणतात, "संपली."

झालं ते असं.

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात चौबळांच्या स्वयंपाकघरात एक माकड शिरलं. सरोजिनीबाई बाहेर गेल्या होत्या. चौबळ शिडीने माळ्यावर गेले आणि त्यांनी शिडी वर ओढून घेतली. त्या प्रसंगातला त्यांचा पराक्रम एवढाच. माकडाने मेतकुटाची बरणी उघडली, बोट चाटलं, शिंकलं आणि ते पाटावर बसून राहिलं. तेवढ्यात नाना टिपणीस आले. नाना म्हणजे शेजारच्या घरातले, पोस्टातून निवृत्त झालेले, चौबळांचे पाटीपेन्सिलीपासूनचे मित्र. त्यांनी नुसतं "हाड्" म्हटलं आणि माकड निघून गेलं. तिथेच संपायचं ते प्रकरण. पण नानांनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "खाली माकड, वर चौबळ. आधी कुणाला हाकलावं, मला काही ठरवता येईना."

नाना त्या वर्षी ओट्यावरच असत. एरवी रोज स्टेशनपर्यंत फिरून येणारा माणूस, पण दिवाळीपासून फिरणं बंद. विचारलं तर "गुडघे" म्हणायचे. त्यामुळे गोष्ट सांगायला त्यांना वेळच वेळ होता. आठवड्याभरात ती नेरळपर्यंत गेली.

त्याच सुमारास चौबळांचा भाचा बोटीवरून रजेवर आला. बोटीवर इंजिनिअर. मामांच्या मानभंगाची हकिकत ऐकून त्याने बॅगेतून चार जपानी बंदुका काढून दिल्या. दिसायला अगदी खऱ्या, वजनाला हलक्या. आत स्प्रिंग. दट्ट्या मागे ओढायचा, चाप दाबायचा, की काळ्या वाटाण्याएवढा प्लॅस्टिकचा मणी सुटतो. लागला तर मुंगी चावल्यासारखं होतं, मात्र डोळ्यावर बसला तर डोळा जाईल, असं भाच्याने दोनदा बजावलं. सोबत एक जपानी पुस्तिका होती. अक्षर एकही वाचता येण्यासारखं नव्हतं, पण चित्रं होती: डोळ्यांना चष्मे लावलेले, अंगात जाड जाकिटं घातलेले गृहस्थ घराच्या खोल्याखोल्यांतून एकमेकांवर दबा धरून बसलेले.

दुसऱ्या दिवशी माकड कौलावर आलं. चौबळांनी नेम धरून मणी मारला. माकडाने तो उचलला, तोंडात घालून पाहिला आणि चौबळांच्या दिशेने थुंकला. हे नानांनी ओट्यावरून पाहिलं. चौबळ आता नव्या गोष्टीची तयारी ठेवून उभे होते. पण नाना हसले नाहीत. ते उठून आले, बंदूक हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली, पुस्तिका चाळली. मग म्हणाले, "हेमा, माकडं कसली मारतोस? माणसं मारू या."

गल्लीत ही बातमी पोचायला चहा उकळण्याएवढा वेळ लागला. सल्ल्यांची रीघ लागली. समोरचे वैद्य म्हणाले, या वयात दबा धरून बसल्याने मलावरोध होतो. कोपऱ्यावरचे मास्तर म्हणाले, पोलिसांची परवानगी घ्या, नाहीतर नक्षलवादी म्हणून धरतील. गोदाकाकू एवढंच म्हणाल्या, "डोळे सांभाळा रे. माझ्या भावाचा विटीने गेला."

परवानगीची गोष्ट चौबळांना पटली. कागद झाल्याशिवाय त्यांनी जन्मात काही केलं नव्हतं. ते कोट घालून पोलीस ठाण्यात गेले. फौजदार तरुण होता.

"हे हत्यार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. खेळणं आहे."

"मग परवानगी कशाला?"

"हत्यारासारखं दिसतं म्हणून."

"खेळणार कोण?"

"आम्ही."

फौजदाराने त्यांच्या टकलाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "काका, खेळण्याला परवानगी लागत नाही. हत्यार असेल तर परवाना लागतो, आणि तो मी देणार नाही. काय आहे ते तुम्हीच ठरवा."

इतकी वर्षं असली उत्तरं चौबळांनी लोकांना दिली होती. आपल्याला ती प्रथमच मिळाली. ते नमस्कार करून बाहेर आले आणि उन्हात जरा वेळ उभे राहिले.

जागा मिळाली ती नागू घाऱ्यांची. नागूशेठची चौक नावाच्या गावाबाहेर भाताची गिरणी होती. भावाभावांच्या कज्ज्यात ती बंद पडलेली. लांब कोठार, मधे यंत्रांच्या खोल्या, टोकाला कचेरीची खोली, आणि सगळीकडे तुसाने भरलेली पोती. चित्रातल्या घराहून काकणभर सरसच. नागूशेठची अट एकच होती: त्यांनाही खेळायला घ्यायचं. चौथा गजा बडेकर. तिथेच हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, टेंपोही होता, आणि चित्रातल्यासारखे चष्मे वगैरे सामान त्याच्याशिवाय बनणार नव्हतं.

सामानाने एक महिना खाल्ला. गजाने आधी वेल्डिंगचे काळे चष्मे आणले. गिरणीत मुळातच अंधार. पहिल्या दिवशी नागूशेठ ते लावून खांबाला शत्रू समजले आणि त्यांनी कपाळ फोडून घेतलं. मग साधी काच बसवली, तर आतून वाफ धरायची. चौघे एकमेकांना धुक्यातल्या म्हशींसारखे दिसायचे. शेवटी गजा म्हणाला, "काच जाऊ द्या चुलीत. तांदूळ चाळायची जाळी हाय ना हितं? तीच तोंडाला बांदू." गिरणीतली जुनी बारीक जाळी कापून, कडेला रबर लावून त्याने चार मुखवटे केले. त्यातून मणी आत येईना, वाफ धरेना, बाहेरचं सगळं दिसे. बाहेरून मात्र आतल्या माणसाचा चेहरा मुळीच दिसत नसे. सगळ्यांना ते फारच पसंत पडलं.

अंगासाठी गोधड्या कापून बंड्या शिवायच्या ठरल्या. चौबळांनी ट्रंकेतली गोधडी काढली तेव्हा सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या.

"अहो, या गोधडीत सासूबाई गेल्या."

"मग वाया गेली का ती गोधडी?"

सरोजिनीबाईंनी कात्री आणून दिली. त्या रागावल्या की वस्तू फार नीट हातात देतात.

नानांची बंडी त्यांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी, स्वतः शिवली. ती द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "न्या त्यांना, भावजी. पण धावायला लावू नका हं. गुडघे..." आणि बोलताना त्या खाली फरशीकडे बघत होत्या.

मग शिक्षण सुरू झालं. पुस्तिकेतल्या चित्रांवरून चौबळांनी सरकारी भाषेत नियम काढले. नळी कायम जमिनीकडे. माणूस दिसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. दारात उभं राहणे सक्त मना, कारण चौकटीत उभा राहिलेला माणूस म्हणजे भिंतीवर लावलेली तसबीर. मणी लागला की मोठ्याने "मेलो" म्हणायचं, आहे तिथे खाली बसायचं, आणि डाव संपेपर्यंत मेलेल्याने तोंड उघडायचं नाही.

यातला बोटाचा नियम चौबळांनी स्वतः पहिल्याच रविवारी मोडला आणि आपल्याच चपलेतल्या अंगठ्यावर मणी मारून घेतला. "आता 'मेलो' म्हणायचं का, सायेब?" गजाने आदराने विचारलं. दारातून शिरण्याचा नियम त्यांना कळला होता, पण पोटाला कळला नव्हता. ते भिंतीला चिकटून डोकावायचे तेव्हा त्यांच्या आधी पोट खोलीत जायचं आणि तिथेच मारलं जायचं.

नानांना मात्र ती विद्या जणू पोस्टाने घरपोच आली होती. ते चौकटीपासून दूर उभे राहायचे, आणि भाकरीचा घास मोडावा तसा खोलीचा एकेक कोपरा नजरेने मोडत, पाऊल न वाजवता बाजूबाजूने सरकायचे. घाई नाही. धाप लागली तर पोत्याला टेकून थांबायचे आणि आपण दबा धरलाय असं दाखवायचे. ओट्यावरचा तो पेंगणारा माणूस आणि हा माणूस एकच, यावर विश्वास बसत नसे.

फक्त एक दोष होता. नाना मरत नसत.

म्हणजे मणी लागायचा. जाळीवर "टण्" असा स्वच्छ आवाज यायचा. पण नाना म्हणायचे, "खांबाला लागला."

"नाना, खांब टण् वाजतो? तुझं डोकं वाजलं!"

"आवाज मी बी आयकला, टिपणीसकाका," नागूशेठ म्हणायचे.

"मेल्याशिवाय मेलो कसं म्हणू?" नाना शांतपणे विचारायचे आणि पुढच्या खोलीकडे सरकायचे.

तीन महिने हे चाललं. चौबळ दर रविवारी चारदा मरायचे, नियमाप्रमाणे मरायचे, गुडघे दुखेपर्यंत मरून बसायचे, आणि हा माणूस अमर. शिवाय सोमवारी ओट्यावरून गल्लीला हिशेब मिळायचा की चौबळ कसे कसे मेले. कर्जतच्या एस.टी. स्टँडवर लोक त्यांना "कर्नल" म्हणू लागले होते आणि त्यात आदर नव्हता. शिमग्याच्या आधीच्या रविवारी त्यांचा बांध फुटला. मणी नानांच्या मुखवट्यावर बसून सगळ्यांच्या देखत खाली घरंगळला आणि नाना म्हणाले, "खांब." चौबळांनी मुखवटा काढून आपटला आणि ओरडले, "अरे, आयुष्यात एकदा तरी प्रामाणिकपणे मर, नाना!"

नाना जरा वेळ जाळीआडून त्यांच्याकडे बघत राहिले असावेत. परतताना दोघं एस.टी.त वेगवेगळ्या बाकांवर बसले. आठवडाभर बोलणं बंद. शनिवारी द्वारकाबाईंनी वालाच्या बिरड्याची वाटी आणून दिली, तेव्हा ती नानांनी पाठवली की त्यांनी आपणहून आणली, हे विचारायचं चौबळांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मणी फार कमी उरले होते. दर डावानंतर चौघे प्रौढ गृहस्थ गुडघ्यांवर रांगत फरशीच्या फटींतून मणी वेचायचे, तरी ते हरवतच. नागूशेठने चाळणीतून एका मापाचे काळे वाटाणे काढून आणले होते. नाना आणि गजा एका बाजूला, चौबळ आणि नागूशेठ दुसऱ्या. गजा लवकरच बाहेर वजनकाट्यापाशी मेला आणि तिथेच बसून राहिला. नागूशेठ खिडकीकडे गेले. चौबळ कचेरीच्या खोलीत पोत्यांमागे दबा धरून राहिले.

नाना आले. पाऊल वाजलं नाही, नुसती सावली सरकली. घास मोडल्यासारखा एक कोपरा, दुसरा कोपरा, आणि मग ते समोर होते. दोघांच्या नळ्या एकमेकांवर. चौबळांनी चाप दाबला. "फुस्स" झालं. वाटाणा नळीत अडकला होता.

आता आपण मेलो, हे चौबळांना कळलं. ते डोळे मिटून वाट बघू लागले. पण काहीच आलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा नानांची बंदूक हळूहळू खाली जात होती. ते पोत्यांना पाठ टेकून, पाय लांब करून, अगदी सावकाश खाली बसले.

"मेलो रे हेमा," नाना म्हणाले.

चौबळ गोंधळले. क्षणभरच. वाटाणा उडाला असेल, आपल्याला दिसला नसेल, असं त्यांच्या मनाने त्यांना समजावलं आणि त्यांनी ते चटकन मान्य केलं. तीन महिने साठलेला आनंद उसळून आला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हमरस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "मारला! मी नानाला मारला!"

नागूशेठ धावत आले. "तुमी कुठला? माजा वाटाणा लागला त्येंना. खिडकीतनं मारला मी!"

"नागूशेठ, तो माझ्यासमोर मेला."

"मेला तुमच्यासमोर, मारला मी."

गजाला पंच नेमलं. गजाने दोघांची बाजू ऐकली, खिडकीचा कोन पाहिला, आणि मरताना नानांनी "हेमा" म्हटलं होतं म्हणून निकाल चौबळांच्या बाजूने दिला. एवढा वेळ नाना पोत्याला टेकून गप्प बसले होते. नियमच होता तसा. चौबळ त्यांच्याशेजारी उकिडवे बसले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "बघ, किती सोपं होतं. उगाच तीन महिने घालवलेस. मला तुझा अभिमान वाटतो, नाना." मग सगळे मणी वेचायला लागले. रांगत रांगत चौबळ परत पोत्यांपाशी आले. "ऊठ आता. दर वेळी वेचायचं टाळतोस," असं म्हणून त्यांनी नानांचा हात ओढला. हात आला, आणि सोडल्यावर खाली पडला.

मुखवटा नागूशेठने काढला. जाळीच्या आत नानांचे डोळे उघडे होते.

गजाच्या टेंपोने ते कर्जतच्या सरकारी दवाखान्यात आले. हौद्यात नाना, आणि त्यांच्याभोवती गोधडीच्या बंड्या घातलेले तिघं जण. बंड्या काढायचं कुणाला सुचलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. मग पोलीस आले. फौजदार तोच होता. गिरणीजवळच्या हमरस्त्यावरच्या चहावाल्याने त्याला आधीच फोन करून सांगितलं होतं की आतून कुणीतरी "मारला, मारला" ओरडत होतं.

"कोणी मारलं?" फौजदाराने विचारलं.

नागूशेठ आपल्या पायांकडे बघत होते. मघाशी खिडकीतून मारणारा तो माणूस आता खिडकी होती हेसुद्धा विसरला होता. गजा टेंपोकडे बघत होता. वाटाणा अजून नळीतच होता. बंदूक उघडून दाखवली असती तर काम झालं असतं. पण त्यासाठी आपण खोटंच ओरडलो, असं सांगावं लागलं असतं, आणि मग प्रश्न नागूशेठकडे वळला असता. यातलं कुठलं कारण खरं होतं, ते चौबळांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"मी," ते म्हणाले.

"कशाने?"

"वाटाण्याने."

हवालदाराचं लिहिणं थांबलं. "साहेब, वाटाणा कशात घालू? हत्यारात?"

"लिही तू," फौजदार म्हणाला. पण कशात, ते त्यालाही सांगता आलं नाही.

नानांना तपासणीसाठी आत नेलं. द्वारकाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या, सरोजिनीबाई त्यांच्याजवळ. चौबळ दुसऱ्या टोकाला उभे होते, आणि त्यांना भेटायला आलेली गल्ली आळीपाळीने सल्ला देत होती. वैद्य म्हणाले, काही दिवस पुण्याला जा. मास्तर म्हणाले, ओळखीचा वकील आहे, तोवर एक अक्षर बोलू नका. कुणी म्हणालं, पाय घसरला म्हणायचं. चौबळ मान हलवत राहिले. आपल्या आईच्या गोधडीत आपल्याला घाम फुटलाय, एवढंच त्यांना जाणवत होतं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. हृदय. कधीपासूनच निकामी होत आलेलं. अंगावर कशाचाही वण नाही. फौजदाराने चौबळांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, घरी जा. तुम्ही कुणाला मारलेलं नाही." पण हे तो हळू आवाजात म्हणाला, आणि चौबळ ओरडले होते मोठ्याने.

तेरावं झालं. टिपणिसांच्या घरातली माणसं पांगली, मुंबईचा मुलगा परत गेला. तो जाताना चौबळांशी बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंचा निरोप आला: दोघंही या. चौबळांनी धुतलेलं धोतर नेसलं. शिव्याशाप ऐकायचे तर नीट कपड्यांत ऐकावेत, असा त्यांचा विचार होता.

द्वारकाबाई पुढच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "भावजी, तुमची गोळी लागली का त्यांना?"

चौबळांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "माझी बंदूक अडकली होती. उडालीच नाही. त्याची माझ्यावर रोखलेली होती. त्याने चाप दाबला असता तर मीच मेलो असतो. त्याने दाबला नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी नुसताच ओरडलो. तो जात होता आणि मी शेजारी बसून त्याला शहाणपण शिकवत होतो."

द्वारकाबाईंनी तो पेला उचलून बाजूला ठेवला.

"डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "जिना नको, दगदग नको, खुर्चीत बसून राहायचं. मला माहीत होतं सगळं. गुडघे म्हणायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. मुलगा मला बोलला, तू जाऊ कसं दिलंस म्हणून. काय सांगू त्याला? रात्री भिंतीकडे तोंड करून निजायचे हो. एक शब्द नाही. पहिल्या रविवारी तुमच्या त्या गिरणीतून आले आणि दोनदा भात मागून घेतला." त्यांनी डोळे पुसले. "दारातून शिरायचं काहीतरी शिकलेत म्हणायचे. मला समजवायचे, मला कळायचं नाही. कसं ते दाखवता?"

"आता?"

"आता."

चौबळ उठले. कोपऱ्यातली छत्री त्यांनी हातात घेतली, नळी जमिनीकडे केली आणि ते ओसरीवर गेले. मग चौकटीपासून दूर राहून, धोतर सावरत, बाजूबाजूने सरकत, घास मोडावा तसा एकेक कोपरा नजरेने मोडत ते वाकून आत आले. आधी पोट आलं. चौबळांचा गुडघा कडकन वाजला. ते खोलीच्या मधोमध थांबले आणि त्यांनी छत्री हळूच खाली केली.

द्वारकाबाईंनी पदर तोंडावर धरला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"ते एवढे वाकत नसणार," त्या पदराआडून म्हणाल्या. "पाठ ताठ होती त्यांची. पुन्हा दाखवा."

चौबळांनी पाठ ताठ केली, छत्री सावरली आणि ते परत दाराबाहेर गेले.